मिक्सरला फुटलेली वाचा

आमचा मिक्सर गेल्या महिन्यात बोलू लागला. निहार अजून बोलत नव्हता.

निहार माझा नातू. दोन वर्षं उलटून गेली तरी तो नुसतं बोट दाखवायचा, हात ओढायचा, आणि आम्हाला समजलं नाही की भिंतीला कपाळ टेकून उभा राहायचा. डॉक्टरांनी कान तपासले. कान उत्तम होते. "बोलेल, थांबा," ते म्हणाले. शेजारच्या टेंबेवहिनी थांबल्या नाहीत. त्यांनी आपल्या झाडावरचा, पोपटाने उष्टावलेला पेरू आणून दिला. न बोलणाऱ्या मुलाला तो चारतात. मी पदार्थविज्ञानात डॉक्टरेट केली आहे, पण पेरूला विरोध करायला ती पुरेशी आहे का, याची खात्री वाटेना. मी एवढंच म्हटलं, की बिया घशात अडकतील, आधी मिक्सरमधून काढू. ऋजुताला, म्हणजे सुनेला, ते पटलं.

पेरू भांड्यात फिरला आणि मिक्सर म्हणाला, "अजून."

"घ्या!" माझी पत्नी म्हणाली. "पहिला घास कुणाला भरवलात बघा."

निहारने रस चाखलाही नाही.

दुसऱ्या दिवशी मिक्सर म्हणाला, "आबा, उचल." कुणाला उचलायचं ते मला कळेना. घाबरत निहारला उचललं. मिक्सर "हं" म्हणाला. मग म्हणाला, "मोजा टोचतो." मोज्यात तांदळाचा दाणा निघाला. बूट घालताना निहार आठवडाभर का रडत होता, ते आम्हाला तेव्हा कळलं. शब्द त्याचेच होते, फक्त चुकीच्या ठिकाणी उतरले होते.

"राहू दे ना, आबा," ऋजुता म्हणाली. "निदान त्याला काय हवंय ते कळतंय."

"आणि पोरगं तोंड कशाला उघडेल मग?" ही म्हणाली. "लग्नात काय मिक्सर नाव घेणार आहे?"

मला दोघींचंही पटत होतं, आणि त्यामुळे मी कुणाच्याच उपयोगाचा नव्हतो.

बालवाडीच्या बाईंची काही हरकत नव्हती. "मिक्सर आणा, पण भांडं घरी ठेवा," त्या म्हणाल्या. "बाकीची मुलं सरबत मागतात." हजेरीला निहारचं नाव आलं की मिक्सर "आलो" म्हणायचा. निहार त्याच्याकडे कौतुकाने बघायचा. त्या बघण्याने मी अस्वस्थ झालो. असंच चाललं, तर निहारचा स्वतःचा आवाज आम्ही कधीच ऐकणार नव्हतो.

अखेर मी स्वयंपाकघरात स्टूल घेऊन बसलो.

"हे शब्द निहारचे आहेत," मी मिक्सरला म्हणालो. "परत कधी देणार?"

"देतो. तो घेत नाही."

"का?"

"त्याला माझं पाहिजे."

"तुझं काय?"

तेवढ्यात निहार आला, चवड्यांवर उभा राहिला, ओट्याच्या कडेला गाल टेकला आणि तोंड उघडून म्हणाला, "घुर्रर्र."

ही देवघरातून धावत आली. "अहो, ऐकलंत का? कंठ फुटला पोराला!"

"आई, पण याला बोलणं म्हणायचं का?" ऋजुताने विचारलं.

"आवाज त्याचा आहे ना?"

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. इतक्या वर्षांत घरात माझं मत असं कुणी मागितलं नव्हतं. मी वाकून त्याच्या तोंडाशी कान नेला. आवाज थोडा घोगरा होता, शेवटी वर चढत होता, आणि त्यातून दुधाचा वास येत होता.

"त्याचाच आहे," मी म्हणालो.

हिने डोळे पुसले, वाटीत भाजलेले शेंगदाणे आणि लसणाची एक पाकळी घेतली आणि वाटी त्याच्यापुढे धरली. तिखट घातलं नाही, लहान आहे. "थांब म्हटलं की थांबायचं हं, राजा," ती म्हणाली. तो वाटीवर वाकून "घुर्रर्र" म्हणाला, शेंगदाणे गरगर फिरू लागले, आणि "थांब" म्हणताच तो थांबला.

चटणी जरा जाडसर झाली, पण पहिलीच वेळ होती.