गोधड्यांचं घर

"शेतात घर बांधल्यामुळे बियाण्याचं अनुदान नामंजूर," बायकोने पत्र वाचून दाखवलं आणि नवऱ्याचं बिस्किट चहात बुडालं. नवऱ्याला सगळे सावकाशराव म्हणत. आयुष्यात तो कधी कशासाठी पळाला नव्हता. पण शुक्रवारपर्यंत अनुदान जमा झालं नाही, तर दुकानदार त्याची राखून ठेवलेली बियाण्याची पोती दुसऱ्याला देणार होता आणि यंदा शेत तसंच पडून राहणार होतं.

"घर कुठलं? आपण तर कोंबड्यांचं खुराडंसुद्धा परसात बांधलंय," तो म्हणाला. तरी सोमवारी दोघं कृषी कार्यालयात गेलेच.

कारकुनाने स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. आकाशातून काढलेल्या फोटोत मोकळ्या शेताच्या मधोमध लालभडक छप्पर होतं.

"अहो, ह्या माझ्या गोधड्या," बायको म्हणाली. "धुऊन वाळत घातल्या होत्या, सहाच्या सहा. ती कोपऱ्यातली माझ्या आईची."

"असेल काकू. पण मशीनने घर म्हटलंय."

"मग येऊन बघा की."

"येऊन बघू, पण लिहू कुठे? रकाने दोनच आहेत. 'घर आहे' आणि 'घर पाडलं'."

"मग पाडलं लिहा."

"लिहितो ना. पाडल्याचा दाखला आणा."

दाखला बांधकाम खात्याकडे मिळत होता. तिथल्या इंजिनिअरने सगळं ऐकून घेतलं. माणूस भला होता, हीच तर पंचाईत.

"बांधायची परवानगी घेतली होती?"

"साहेब, बांधलंच नाही."

"म्हणजे विनापरवाना," इंजिनिअर हळहळला. "दंड होईल. पण स्वतःहून पाडलंत तर माफ. पाडण्याआधीचा एक फोटो आणि नंतरचा एक. मी स्वतः येतो."

बुधवारी सकाळी बायकोने पुन्हा सहा गोधड्या शेतात अंथरल्या. इंजिनिअर एक डोळा मिटून बघत राहिला. "काकू, मागची बाजू जरा ओढा. घर तिरकं दिसतंय."

फोटो झाला. "हं, आता पाडा."

सावकाशरावाने एक गोधडी उचलून काखेत कोंबली.

"अहो, घडी घाला नीट," बायको करवादली. "बोळा काय करताय?"

त्याला घडी घालता येत नव्हती. शेवटी इंजिनिअरनेच दुसरं टोक धरलं आणि घर जमीनदोस्त झालं.

दाखला मिळाला, रकाना भरला आणि शुक्रवारी दुपारी अनुदान जमा झालं. दुकानदार पोती दुसऱ्याच्या गाडीत चढवायला निघाला होता, तेवढ्यात बायकोने एका पोत्यावर बसकण मारली. "ही आमची," ती म्हणाली. पेरणी झाली. सावकाशरावाला इतकं हलकं वाटलं की तो चक्क दोन दिवस झोपला.

तिसऱ्या दिवशी दारात एक गाडी थांबली. ड्रायव्हरने मोठं गाठोडं उतरवलं आणि सही घेतली. सोबत मदत खात्याचं पत्र होतं: 'आपलं राहतं घर पाडलं गेल्याचं बांधकाम खात्याकडून समजलं. अतिशय वाईट वाटलं. बेघर कुटुंबासाठी तातडीची मदत पाठवत आहोत.'

गाठोड्यात सहा कोऱ्या, लालभडक रजया होत्या. सावकाशराव पत्र दुसऱ्यांदा वाचू लागला. वाचून मान वर केली तर बायको नाही, आणि रजयाही नाहीत.

"अगं, कुठे चाललीस?"

"नव्या आहेत, एकदा उन्हात घालते," शेताच्या वाटेवरून तिचा आवाज आला.

सावकाशरावाने एकदा आभाळाकडे बघितलं आणि चपला न घालताच तो तिच्यामागे पळत सुटला.