लॉर्नाची धुलाईघरात बदली

मंगळवारी सकाळी सव्वाआठला लॉर्ना पीटर्सनला न्याहारीच्या टेबलावरून उठवून धुलाईघरात पाठवण्यात आलं. तिचा अर्धा टोस्ट बशीतच राहिला.

चांगली सेवा मोजता आलीच पाहिजे. जी मोजता येत नाही ती नुसता चांगुलपणा. अमेरिकेतल्या डुलुथ शहराबाहेर सरोवराकाठचं हे निवासी उपचारगृह याच तत्त्वावर चालतं. अन्नाशी वैर जडलेल्या बायका इथे राहून पुन्हा जेवायला शिकतात. नियम सोपा आहे: कर्मचाऱ्याने रुग्णांबरोबर बसायचं, त्यांना वाढलेलंच खायचं आणि सगळ्यांनी एकदमच उठायचं. (लॉर्नाचं उठणं कार्यालयीन असल्याने नियमभंग झाला नाही.)

लॉर्ना टोस्टवर भरपूर लोणी फासायची. गोठलेल्या सरोवरावर ट्रक घेऊन मासे धरायला गेलेल्या मेव्हण्याने तो बर्फ फुटून कसा बुडवला ते सांगायची आणि सांगता सांगता खायची. सव्वीस वर्षांच्या सॉल्वेगने इथे आल्यापासूनचा पहिला अख्खा टोस्ट संपवला, तो ट्रक बुडत असताना.

रुग्णांच्या समाधान-पाहणीत लॉर्ना पहिली आली. संचालिका डॉ. हॉग यांनी याची गंभीर दखल घेतली. रुग्णांना एखादा कर्मचारी आवडला, तर ते आजाराचं मत असू शकतं. (नावडला, तर ते आजाराचंच मत असतं. या पद्धतीत चुकीला वाव नाही.) शिवाय लॉर्नाकडे सहभोजनाचं प्रमाणपत्र नव्हतं.

प्रमाणपत्र असलेले चौघे होते. ब्रेंडा दुपारपर्यंत पाण्याखेरीज काही तोंडात घेत नसे. ग्रेगने गहू सोडला होता. समुपदेशिका हिरव्या रसावर होत्या. आहारतज्ज्ञ बाईंना बहिणीच्या लग्नासाठी एका पोशाखात मावायचं होतं. जानेवारी, म्हणजे नव्या वर्षाच्या संकल्पांचा महिना असल्याने संस्थेचा नाइलाज होता. सहभोजन आता दारात उभं राहून होऊ लागलं.

"दारातून काय बघतात गं हे?" सॉल्वेगने विचारलं.

"आपण पळतोय का ते," रॉझ म्हणाली. रॉझ बासष्ट वर्षांची, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. "आणि तो ग्रेग बघ, माझ्या टोस्टवर कसा डोळा ठेवून आहे! कुणीतरी उपचार करा रे त्याच्यावर."

हसू आलं, पण सॉल्वेगचा टोस्ट पुन्हा बशीत राहू लागला. लॉर्ना परत हवी, असं तिने डॉ. हॉगना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा आवाज चढल्याने आजार बळावल्याचं निदान झालं.

गुरुवारी सेवेचा दर्जा तपासायला व्हर्नन केलर आले. नियमानुसार ते टेबलावर बसले आणि नियमानुसार त्यांच्यापुढे टोस्ट आला.

"ब्रेड टाळतो मी हल्ली," ते पोटावर हात फिरवत म्हणाले.

 मग सॉल्वेगने समुपदेशिकेचा आवाज काढला. "व्हर्नन, हे तुम्ही नाही बोलत. तुमची भीती बोलतेय."

"एक छोटा घास घ्या, राजा," रॉझ म्हणाली. "आम्ही कुठे जात नाही."

"अहो, मला खरंच भूक नाही!"

"सगळे असंच म्हणतात," बायका एका सुरात म्हणाल्या.

डॉ. हॉग त्यांना सोडवायला धावल्या. त्यांनाही खुर्ची देण्यात आली. पाठोपाठ टोस्टही.

सॉल्वेगने ट्रकची गोष्ट सुरू केली. मागचे लाल दिवे पाण्याखाली गेले तेव्हा रॉझ खिंकाळत होती, केलर डोळे पुसत होते आणि त्यांची बशी रिकामी होती. सॉल्वेगचीही, तिला ते नंतर कळलं.

केलर यांचा अभिप्राय: सेवा उत्कृष्ट, मात्र ती रुग्ण देत आहेत. लॉर्नाला परत आणावं, पण रीतसर परीक्षा घेऊन. संस्थेत कुणी नीट खात नसल्याने परीक्षक बाहेरचा हवा, एखादा साधा निरोगी माणूस. पात्रता अशी की, त्याने कुठल्याही पदार्थाला पाप म्हटलेलं नसावं. दुसऱ्यांदा वाढून घेताना सबब सांगू नये. जेवण संपताच उद्यापासून चालायला जाण्याची शपथ घेऊ नये. आणि ओळखीचं कुणी भेटल्यावर "बारीक झालीस!" किंवा "सुटलीस!" न म्हणता नुसतं "कशी आहेस?" विचारता यावं.

जाहिरात त्याच दिवशी निघाली. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एकही अर्ज नव्हता. लॉर्ना चादरींच्या घड्या घालत होती. आता मुदत वाढवली असून देशाची अटही काढली आहे. हे वाचताना ज्यांनी पोट आत ओढून घेतलं ते अपात्र. बाकीच्यांची सॉल्वेग वाट पाहते आहे.