भाड्याचा उजेड

"मालकी म्हणजे नसती डोकेदुखी! शहाणा माणूस वस्तू भाड्याने घेतो," असं उजेडरावांनी नाट्यगृहाच्या कॅन्टीनमध्ये जाहीर केलं आणि त्याच दुपारी, तेच वाक्य पुन्हा ऐकवत, आपला डिमर भंगारवाल्याच्या गाडीवर चढवला. नाटकांना प्रकाश देणाऱ्या या गृहस्थांना उजेडराव हे नाव नटांनी ठेवलेलं. डिमर त्यांनी स्वतःच्या हाताने जोडला होता. जाड फळी, तिच्यावर ओळीने दांडे. दांडा वर केला की रंगमंचावर सकाळ, खाली ओढला की संध्याकाळ. बायको म्हणाली होती, राहू द्या की कोपऱ्यात, खायला का मागतोय? पण उजेडरावांच्या अंगात नवं वारं शिरलं होतं.

आता सगळे दिवे एका प्रोग्रॅमवर चालायचे. तो त्यांच्या कॉम्प्युटरमध्येही नव्हता. सातासमुद्रापार कंपनीच्या घरी बसलेला. महिन्याला भाडं भरायचं आणि तिथून उजेड मागून घ्यायचा. हौसेच्या भरात त्यांनी प्रेक्षागृहातले दिवेसुद्धा त्यालाच जोडले. म्हणजे घराची आणि तिजोरीची किल्ली एकाच परक्याच्या खिशात.

आणि लेकीच्या नाटकाचा दिवस आला. जन्मभर उजेडरावांनी दुसऱ्यांच्या पोरींचे चेहरे उजळले, आता स्वतःच्या पोरीला पहिली मोठी भूमिका मिळाली होती. शेवटच्या प्रवेशात ती एकटी बोलते आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू पहाट फुटते. ती पहाट त्यांनी महिनाभर घासूनपुसून तयार केली होती. एका मोठ्या संस्थेचा दिग्दर्शक खास तिला बघायला येऊन बसला होता.

पहाट फुटायला लागली, लेकीने मान वर केली आणि फट्! सगळीकडे काळाकुट्ट अंधार.

'आम्ही तुमच्यासाठी अधिक चांगले होत आहोत. कृपया बंद करू नका,' असं कॉम्प्युटरवर आलं. कंपनीच्या गावी मध्यरात्र होती. गिऱ्हाईक झोपलंय असं समजून त्यांनी प्रोग्रॅम बंद करून सुधारणा काढली होती. आपण झोपलो की जग झोपतं, ही बड्यांची जुनीच समजूत.

लेक खमकी. ती अंधारात बोलत राहिली. मोबाइल बंद ठेवा ही सूचना प्रेक्षकांनी नेमकी त्याच दिवशी पाळली होती. उजेड उरला होता तो एकच, प्रेक्षकांच्या मागे, दिवे चालवायच्या काचेच्या खोलीत, कॉम्प्युटरचा निळा, आणि तो पडला होता उजेडरावांच्या तोंडावर! एकेक मान मागे वळली. उजेडरावांनी कंपनीला फोन लावला.

"अहो, आमच्याकडे अंधार आहे!" ते काकुळतीला आले.

"मग सकाळी फोन करा," पलीकडची बाई म्हणाली. "उजाडल्यावर."

उजेडरावांनी हात जोडले, कपाळ बडवलं, घाम पुसला. काचेतून हे सगळं लख्ख दिसत होतं. प्रेक्षक खदखदून हसले, आणि ते हसू नेमकं लेकीच्या सगळ्यात दुःखाच्या वाक्यावर पडलं. तिचा आवाज चिरकला.

पडदा पडला आणि मग पहाट झाली. फारच सुंदर पहाट, बंद पडद्यावर.

तो पाहुणा दिग्दर्शक आत येऊन म्हणाला, मुलीचा आवाज बरा आहे, चेहरा काही दिसला नाही, तेव्हा पुढे बघू. पण तो मागचा घाबरलेला नट कोण, त्याला मात्र उद्या पाठवून द्या.

लेक आरशासमोर रंग पुसत होती. बापाकडे न बघताच ती म्हणाली, "बाबा, सगळ्यांना उजेड दिलात. माझ्या वेळी तेवढा स्वतःवर घेतलात."

उजेडरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी ते भंगारवाल्याकडे धावले. डिमर दर्शनी भागात, स्वच्छ पुसून ठेवलेला. सिनेमावाले शोभेला नेतात म्हणे. उजेडराव म्हणाले, मागशील ते देतो, पण परत दे.

"विकायचा नाही, काका. भाड्याने न्या. शहाणा माणूस भाड्यानेच घेतो, तुम्हीच म्हणाला होता."

उजेडरावांनी भाड्याचे पैसे मोजले आणि ओळखीच्या दांड्यावर हात ठेवला.

"जपून, काका," भंगारवाला म्हणाला. "दुसऱ्याची वस्तू आहे."