लाल्याची झूल

"बैल गायना पोटमा नही, गव्हाणमा घडस!" सन छत्तीसच्या उन्हाळ्यात लोटन आबांनी पारावर बसून हे जाहीर केलं, आणि पोळ्याला आपला ठेंगणा बैल लाल्या जोडीच्या सर्जाच्या बरोबरीचा करून दाखवण्याची पैजही मारून बसले. आबांचं हे नेहमीचंच. जीभ पुढे, डोकं मागून बैलगाडीने!

सर्जा आणि लाल्या एकाच गायीचे, एकाच वळूचे. सर्जा ताडमाड वाढला. लाल्या मात्र वयात आला तरी सर्जाच्या वशिंडाच्या कितीतरी खालीच! जू ठेवलं की एकीकडे कलायचं. आबांचा धाकटा भाऊ निंबा वैतागला होता.

"आबा, जोडी जमस नही. पोळा व्हयना की लाल्याले धुळ्याना बजारमा इकी टाकू."

जोडी नसलेल्या ठेंगण्या बैलाला बाजारात कसायाचंच गिऱ्हाईक भेटतं, हे आबांना ठाऊक होतं. गाय सापाने डसून मेली तेव्हा या वासराला त्यांनीच बांबूच्या नळकांड्याने दूध पाजून जगवलं होतं. विकायच्या नुसत्या विचारानेच त्यांचं काळीज तुटायचं.

मग अमळनेरहून सरकी आली, पेंड आली. लाल्याला टोपलं भरून, सर्जाला नुसता कडबा! एकाला वाढवायचं, दुसऱ्याला थोपवायचं, मध्ये कुठेतरी गाठ पडेलच, असा आबांचा हिशेब. लाल्या फुगला! समोरून पाहिलं की चांगलाच मोठा दिसायचा, आणि आबा समोरूनच पाहत.

त्यांची बायको वच्छलाबाई म्हणाली, "ओ, तो आडवा वाढी राह्यना, उभा नही!"

"तुले काय समजस?"

सर्जा कडबा खाऊन बरगड्या दाखवत होता, पण उंची काही सोडत नव्हता. आबांनी शिंप्याकडे दोन झुली टाकल्या. माप दिलं सर्जाचं. पोळ्यापर्यंत लाल्या पोचणारच, मग वेगळं माप कशाला?

पोळ्याला सर्जाची झूल झकास बसली. लाल्याची मागे हातभर लोळत होती, आणि पोटाखाली तिचे बंद काही केल्या भेटेनात! आबांनी डोक्याचं पागोटं सोडून त्याने बंद जोडले. वाजतगाजत बैल तोरणाखाली आले, लाल्याचा मागचा पाय झुलीवर पडला, पागोटं पोटाला आवळलं, आणि तो भर वाटेत बसला तो बसलाच! मागे गावचे सगळे बैल खोळंबले, वाजंत्री थांबली. बोडक्या डोक्याने आबा शेपटी ओढत होते.

"पैज हारनात आबा," निंबा म्हणाला. "उद्या धुळं!"

 आबा लाल्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले.

तेवढ्यात आरतीचं ताट घेऊन वच्छलाबाई पुढे आली. "निंबाभाऊ, जरा आबासना बाजूले उभं राह्या."

निंबा उभा राहिला. आबा त्याच्या छातीशी लागत होते, आणि पोटाने दोन पावलं पुढे होते. गावाने दोघांना एकदम असं कधी पाहिलंच नव्हतं!

"एकच माय, एकच बाप, एकच ताट," वच्छलाबाई म्हणाली. "साय बी यासनीच जास्ती खादी! ह्या आजीवर ग्यात, लाल्या त्यानी आजीवर. मंग काय, यासले बी धुळ्याना बजारमा लई जाशात?"

गाव असं हसलं की सर्जा बुजला! निंबाही हसला, मग खाली मान घालून त्यानेच लाल्याच्या पोटाखाली खांदा दिला.

लाल्या घरीच राहिला. त्याच्यासाठी एका बैलाचा छकडा केला, त्याच्या उंचीला बेताचा, अगदी बुटका. आबांना फार आवडला. जन्मात पहिल्यांदाच गाडीत चढताना कुणाचा हात धरावा लागत नव्हता!