तीस फुटांसाठी अकरा किलोमीटर

जगात मातीचा तुटवडा कधीच नव्हता. ती नेहमी दुसऱ्याच्या प्लॉटवर असते, एवढीच काय ती अडचण. ही अडचण दूर करण्याच्या कार्यास भराव वाहतूक असे म्हणतात आणि सदर कार्य मी गेली एकोणीस वर्षे एका डंपरच्या साहाय्याने अखंड करीत आहे (मधले चार महिने सोडून, तेव्हा डंपर गॅरेजात होता आणि मी सासुरवाडीला).

घर बांधायचं म्हटलं की लोक फरशी, खिडक्या आणि स्वयंपाकघराचा रंग यांवर वर्षभर भांडतात. घराच्या खाली काय जाणार, याचा विचार कुणीच करत नाही. मग एक दिवस प्लॉटवर पाणी साचतं, बेडूक येतात आणि इंजिनिअर सांगतो की जागा रस्त्यापेक्षा चार फूट खाली आहे. त्या दिवशी माझा फोन वाजतो. "स्वस्तात माती मिळेल का?" मिळते. माती फुकटच असते. ती स्वतःहून चालत नाही, हा तिच्यातला एकमेव दोष आणि माझा एकमेव धंदा.

आमच्या इथे वस्तीच्या टोकाला, उतारावर, समोरासमोर दोन प्लॉट आहेत. मध्ये तीस फुटांची गल्ली. वरच्या अंगाचा प्लॉट चष्म्याच्या दुकानाच्या मालकांचा, खालच्या अंगाचा शाळेत गणित शिकवणाऱ्या सरांचा. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणजे हे दोघे साडू. थोरली चष्मेवाल्यांची, धाकटी सरांची. प्लॉट घेतले तेव्हा चौघं एकाच गाडीतून सह्या करायला गेले होते, आणि म्हातारपणी आपापल्या गॅलरीत बसून समोरासमोर गप्पा मारायच्या, असा ठराव येताना गाडीतच एकमताने मंजूर झाला होता.

सहा वर्षांपूर्वी एका घरगुती जेवणात सरांनी साडूंकडून करून घेतलेला नवा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "यातून अक्षरं वाकडी दिसतात."

चष्मेवाले म्हणाले, "अक्षरं सरळच आहेत. नजर वाकडी आहे."

बस्स, एवढंच. (मी दोन्हीकडे स्वतंत्रपणे चौकशी केली आहे. दोघांनाही फक्त समोरच्याचं वाक्य आठवतं.) तेव्हापासून अबोला. सहा वर्षं अबोला टिकवणं खायचं काम नाही. त्याला शिस्त लागते. एकाच लग्नाचं आमंत्रण आलं तर एकाने कधी पोचायचं आणि दुसऱ्याने कधी निघायचं, याचं वेळापत्रक दोघी बहिणी फोनवर आखत. त्यात सहा वर्षांत एकदाही गडबड झाली नाही. आमच्या बसडेपोने या दोघींना नोकरीवर घ्यायला हवं होतं.

तर चष्मेवाल्यांनी तळघर खोदायला काढलं. खाली भिंगं घासायची यंत्रं बसवायची होती. आठशे चौरस फूट, आठ फूट खोल. माती उचलायचं काम माझ्याकडे आलं. त्याच आठवड्यात धाकटी माझ्या ऑफिसात आली (ऑफिस म्हणजे डंपरची सावली).

"भाऊ, आम्हाला साठ ब्रास भराव हवाय."

शंभर घनफुटांचा एक ब्रास. आकडा सरांनी काढून दिला होता, चिठ्ठीवर, खाली दोन रेघा मारून. मी पत्ता विचारला. तिने सांगितला. मी तिच्याकडे बघत राहिलो.

"वहिनी, तुमच्या समोरच तर..."

"ठाऊक आहे."

"नुसती गल्ली ओलांडली तरी..."

"ठाऊक आहे म्हटलं ना. माती तीच हवी. चांगला मुरूम आहे, ताईनंच सांगितलं. पण ती समोरची आहे हे आमच्या ह्यांना कळता कामा नये. हे म्हणतात, त्या माणसाच्या खड्ड्यातल्या मातीवर उभं राहण्यापेक्षा मी पाण्यात उभा राहीन."

"आणि समोरचे साहेब काय म्हणतात?"

"ते म्हणतात, माती कुठेही फेका, फक्त खाली नको."

तिचा आवाज एवढा शांत होता की मला वाटलं, ही बाई रोज असंच काहीतरी इकडून तिकडे नेत असणार. तिला घाईही होती. चोवीस दिवसांनी जोत्याची उंची तपासायला बांधकाम खात्याचे साहेब येणार होते. उंची कमी भरली तर परवानगी रद्द, अर्ज पहिल्यापासून. सरांच्या शाळेतल्या एका चित्रकला शिक्षकांची परवानगी अशीच रद्द झाली होती. ती पुन्हा मिळाली तेव्हा त्यांना जिना चढता येत नव्हता, म्हणून त्यांनी वरचा मजला कागदावरच ठेवला.

मी काम घेतलं. कार्यपद्धती पुढीलप्रमाणे ठरली. डंपर वरच्या प्लॉटवर भरला जाईल. तो चष्मेवाल्यांच्या डोळ्यांदेखत वरच्या बाजूने निघून मोठ्या रस्त्याला लागेल. तिथून वजनकाटा, पूल, दगडखाणीचा फाटा. फाट्यावर चहाच्या टपरीपाशी दहा मिनिटं थांबेल. या दहा मिनिटांत मातीचा उगम बदलतो. चालक पावतीवर 'खाणीपलीकडचा डोंगर' असं लिहितो, चहा पितो, आणि डंपर खालच्या बाजूने गल्लीत शिरून सरांच्या प्लॉटवर रिकामा होतो. एकूण अंतर अकरा किलोमीटर. मातीने प्रत्यक्षात केलेली प्रगती, तीस फूट. सरकारी योजनांच्या तुलनेत हे प्रमाण वाईट नाही.

एका डंपरमध्ये अडीच ब्रास, म्हणजे चोवीस खेपा. दिवसाला एक. जास्त केल्या असत्या तर डोंगर संशयास्पदरीत्या जवळ वाटला असता.

सर रोज शाळा सुटली की प्लास्टिकची खुर्ची घेऊन प्लॉटवर बसत. चष्मेवाले दुकान नोकरांवर सोपवून वरच्या प्लॉटवर बसत. तीही प्लास्टिकचीच खुर्ची. दोघांची तोंडं गल्लीकडे, नजरा आकाशाकडे. डंपर वरून निघाला की चष्मेवाले मला ऐकू जाईल असं म्हणत, "लांब टाका हो." पाऊण तासाने डंपर खालून आला की सर मूठभर माती हातात घेऊन चोळत आणि म्हणत, "लांबची माती वेगळीच असते." मी दोघांनाही 'होय' म्हणत असे. माझ्या धंद्यात 'होय' हे सुटं मिळत नाही, ते भाड्यातच धरलेलं असतं.

नवव्या खेपेला डंपर रिकामा झाला आणि ढिगाऱ्यावरून एक चप्पल घरंगळत सरांच्या पायाशी आली. डाव्या पायाची, तपकिरी, चामड्याची, दुरुस्त केलेल्या अंगठ्याची. सरांनी ती उचलली, उलटी केली, सुलटी केली. मग त्यांनी सहा वर्षांत पहिल्यांदा सरळ समोर पाहिलं. समोर चष्मेवाले खुर्चीवर बसले होते आणि त्यांचा डावा पाय उजव्या पायामागे लपवलेला होता.

सरांनी चपलेवरची माती झटकली.

"तुमच्या डोंगरावर," ते म्हणाले, "माणसं राहतात वाटतं."

"तुरळक," मी म्हणालो.

"ज्याची असेल त्याला पोचती करा."

मी चप्पल घेऊन गल्ली ओलांडायला पाऊल उचललं. सर म्हणाले, "असं नव्हे. आली तशी जाऊ दे." म्हणून ती चप्पल डंपरच्या केबिनमध्ये, चालकाशेजारच्या सीटवर बसून, अकरा किलोमीटरचा फेरा उलटा करून मालकाकडे परत गेली. चष्मेवाल्यांनी ती घेतली. कुठे सापडली, असं विचारलं नाही. पायात घालून ते खुर्चीवर बसले आणि आकाशाकडे बघू लागले.

दुसऱ्या दिवशी मी भीतभीत गेलो. काम बंद करा, असा निरोप येणार याची खात्री होती. काहीही झालं नाही. चष्मेवाले म्हणाले, "लांब टाका हो." सर म्हणाले, "लांबची माती वेगळीच असते." आता तिघांनाही सगळं ठाऊक होतं आणि काम पूर्वीपेक्षा सुरळीत चालू लागलं. अज्ञानावर उभा असलेला व्यवहार कधीही कोसळू शकतो. सगळ्यांना ठाऊक असून कुणीच बोलत नाही, अशा व्यवहाराला मरण नाही.

तेवीस खेपा झाल्या. चोविसाव्या दिवशी सकाळी सात वाजता, वरच्या प्लॉटच्या तोंडाशी, माझ्या डंपरचा ॲक्सल तुटला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता खात्याचे साहेब येणार होते. मी ओळखीच्या सगळ्या डंपरवाल्यांना फोन केले. सगळ्यांच्या गाड्या मोठ्या रस्त्याच्या कामावर गेल्या होत्या. जोतं चार इंच कमी होतं.

रविवार असल्याने सर सकाळीच हजर होते. त्यांनी बातमी ऐकली, खिशातला कागद काढला, बघितला, घडी घालून परत ठेवला आणि खुर्चीवर बसले. चेहरा असा, की फळ्यावरचं गणित शेवटच्या पायरीला चुकलंय आणि तास संपलाय. धाकटी त्यांच्या मागे उभी होती. बोलण्यासारखं तिच्याजवळ सहा वर्षांचं साठलेलं होतं, त्यातलं नेमकं कुठलं काढावं हे तिला सुचलं नसेल.

तेवढ्यात वरून थोरली आली. वय अठ्ठावन्न. साडी खोचलेली, डोक्यावर घमेलं, घमेल्यात माती. तिने गल्ली ओलांडली, सरांच्या खुर्चीशेजारी घमेलं उपडं केलं आणि परत निघाली. एकूण वेळ पन्नास सेकंद. पावती नाही, उगम नाही, चहा नाही. माझ्या एकोणीस वर्षांच्या सेवेत मातीची इतकी बेशिस्त वाहतूक मी पाहिली नव्हती.

"ताई, अगं तुझा गुडघा!" धाकटी ओरडली आणि दुसरं घमेलं घेऊन तिच्यामागे धावली.

सरांनी मनात हिशेब केला असणार, कारण ते स्वतःशीच पुटपुटले, "अर्धा घनफूट एका घमेल्यात. पाचशे घमेली." दोघी बहिणींनी तीस टाकली. एकतिसाव्याला थोरली गल्लीच्या मधोमध थांबली आणि गुडघा धरून रस्त्यावरच बसली. दोन्ही खुर्च्यांतून दोन माणसं एकदम उठली.

सुरुवातीला शिष्टाचार पाळला गेला. चष्मेवाले भरलेलं घमेलं आणून गल्लीच्या मध्यावर जमिनीवर ठेवत आणि पाठ फिरवत. मग सर येऊन ते उचलत. एकमेकांच्या हातून काही घेतलं, असं त्यामुळे म्हणता येत नव्हतं. मात्र यात दोघांनाही दुप्पट वाकावं लागत होतं, आणि दोघंही पन्नाशीच्या पुष्कळ पुढे. माती चोपायचं लोखंडी चोपणं दरम्यान माझ्या हातात कसं आलं, याची नोंद नाही. थोरलीने रस्त्यावर बसल्या बसल्या नुसतं बोट दाखवलं होतं.

उन्हं चढली. एका खेपेला चष्मेवाले वाकले आणि त्यांना चटकन वर येता आलं नाही. सरांनी घमेलं खाली टेकायच्या आत हात पुढे करून धरलं. चार हात, एक घमेलं. दोघं तसेच उभे.

चष्मेवाले म्हणाले, "गुडघ्यातून वाका. कंबर जाईल."

सर म्हणाले, "आकडा चुकवू नका. एकशे बासष्ट."

"त्रेसष्ट."

"बासष्ट. मी मोजतोय."

"मी भरतोय! मला कळत नाही?"

धाकटीने हातातलं फावडं खाली ठेवलं आणि तोंड भिंतीकडे केलं. तिचे खांदे हलत होते. हसत होती की काय, ते मला सांगता येणार नाही. वळली तेव्हा चेहरा मातीने इतका माखला होता की काहीच कळत नव्हतं. पुढची घमेली हातोहात गेली आणि प्रत्येक घमेल्यागणिक दोन वेगवेगळे आकडे मोठ्याने ऐकू आले. अंधार पडायच्या आत भराव पुरा झाला. माझ्या तळहातांना सात फोड आले (आठवा नंतर आला).

दुसऱ्या दिवशी साहेबांनी टेप लावली आणि म्हणाले, "जोतं बरोबर आहे. एखादा इंच जास्तच."

"बघा!" गल्लीपलीकडून चष्मेवाले ओरडले. "एक जास्तच पडलं होतं!"

आता ते रोज भांडतात. दोन्ही घरं उभी राहिली, गॅलऱ्या झाल्या, आणि संध्याकाळी गल्लीतून जाताना मान वर न करताही कळतं की कोण कुणाला काय म्हणतंय. एका शेवटच्या खेपेचं भाडं माझं बुडालं ते बुडालंच. त्याहून मोठं नुकसान म्हणजे, माती हातानेही नेता येते ही बातमी वस्तीत पसरली. पण धंदा बसला नाही, याचं श्रेय मी समाजाला देतो. नवीन गिऱ्हाईक आलं की मी आता मातीचा प्रकार विचारत नाही, खोली विचारत नाही. एवढंच विचारतो की समोर कोण राहतं आणि त्यांच्याशी बोलणं आहे का. बोलणं असेल तर मी नम्रपणे नकार देतो. त्यात मला काहीच सुटत नाही.

तुमचं काम मात्र मी घेईन. तुम्ही अजून फोन केलेला नाही, हे मला माहीत आहे. घाई नाही. तुमच्या समोरचे परवाच येऊन गेले. चांगले गृहस्थ वाटले. तुमचं नाव त्यांनी घेतलं नाही, 'त्यांना' एवढंच म्हणाले. निघताना दारात थांबून त्यांनी विचारलं, 'त्यांना' कळू नये म्हणून किती किलोमीटर पुरतील. मी आकडा सांगितलेला नाही. आधी तुम्ही किती वर्षांचे आहात, म्हणजे अबोल्याचे, ते कळू द्या.