लिफ्टच्या खोलीतली चिप

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या त्या कारागिराला दोन वर्षं एकच ध्यास लागला होता. शाळेत सर ज्याला हात लावू देत नसत, तसला जुना कॉम्प्युटर आपल्या हातानं बनवायचा. भंगारातल्या कॅल्क्युलेटरमधून, बंद पडलेल्या तिकीट यंत्रांमधून त्यानं एकेक चिप उपसली होती. आता मेमरीची एकच चिप अडली होती.

ती त्याला रविवारी दुपारी गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत दिसली. भिंतीवर एक सर्किट बोर्ड होता. त्यावर इतकी धूळ होती, की तो मेलेलाच असणार असं त्यानं ठरवून टाकलं. स्क्रू ड्रायव्हरनं चिप उचकटली, लिफ्टनं पाचव्या मजल्यावर उतरला आणि धावतच घरात शिरला.

चिप बसवतोय तोच फोन वाजला. थोरली मेहुणी होती. ती हॉस्पिटलात मुख्य नर्स, तिच्यापुढे डॉक्टरसुद्धा आवाज खाली आणत. ती त्यांच्याकडेच निघाली होती आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकली होती.

त्यानं बायकोला हाक मारली. बायकोनं मेकॅनिकला फोन लावला आणि नवऱ्याचा चेहरा पांढरा का पडलाय ते विचारलं. उकडतंय, असं सांगून तो चिप परत बसवायला गच्चीवर पळाला. घाईत चिपचा एक पाय मोडून बोटांत आला.

चिप ब्रेकची असली तर? हा विचार आल्यावर त्याला राहवेना. तो खाली आला, तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या दाराशी बसला आणि फटीतून सगळं कबूल केलं.

मेहुणीनं आतून विचारलं, "ती चिप कशाची होती?"

"माहीत नाही, ताई."

"बरं. मग मी हलत नाही."

अर्ध्या तासानं मेकॅनिक आला, वर जाऊन पाहून आला. तो बोर्ड सहा वर्षांपूर्वीच बाद झाला होता, काढायचा कंटाळा केला म्हणून भिंतीवर राहिला होता. कारागिराच्या जिवात जीव आला.

"पाचव्या मजल्याचं दार कुणीतरी अर्धवट लावलं होतं," मेकॅनिक म्हणाला. "हादऱ्यानं ते सुटलं, म्हणून लिफ्ट थांबली. कोण गेलं होतं असं घाईत?"

कारागिराजवळ खरं बोलायचं जेवढं धाडस होतं, ते सगळं मघाशी फटीतून खर्च झालं होतं.

"मुलं असतील कुणाची तरी," तो म्हणाला.

लिफ्ट हळूहळू वर आली, दार उघडलं. मेहुणीनं खांद्यावरची पर्स सारखी केली आणि त्याच्याकडे शांतपणे पाहिलं.

"या बिल्डिंगमध्ये सगळे पेन्शनर राहतात," ती म्हणाली. "सगळ्यांत लहान तुम्हीच."