परण्यातली वेगचाचणी

"संध्याकाळी पाचला गाडी जशीच्या तशी परत हवी," असे म्हणून मुकुलने किल्ली रुचिरच्या हाती ठेवली, आणि ठेवताना मुलीची पाठवणी करणाऱ्या बापासारखा चेहरा केला. मुकुल गाडीच्या कंपनीचा माणूस. गाडी लाल, बुटकी, टप मागे दुमडणारी. मुंबईहून निघाली तर गोव्यालाच दम खाईल अशा ताकदीची. मागच्या आसनावर मात्र एखादी पर्सच काय ती ऐसपैस बसली असती.

रुचिर तळेगावचा. वाहनांच्या एका मासिकासाठी तो चार वर्षे स्कूटर आणि तीनचाकी टेम्पो चालवून त्यांचे गुणदोष लिहीत आला होता. संपादक माधवरावांनी त्याला बजावले होते, "ही गाडी भरधाव चालव आणि काय वाटलं ते लिही. जमलं तर गाड्यांचं सदर तुझं. नाही जमलं, तर टेम्पो आहेतच."

वैशाखातला शनिवार होता. लोणावळ्यात गाडीला गाडी चिकटलेली. म्हणून रुचिरने शहाणपणा केला आणि कामशेतवरून पवनानगरचा मोकळा रस्ता धरला. मनुष्य शहाणपणा करतो, तेथूनच त्याच्या फजितीचा आरंभ होतो.

पवनानगरच्या अलीकडे एका गावात मारुतीच्या देवळापुढे परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, उभा होता. नवरदेव सत्यम देवदर्शन उरकून बाहेर आला होता आणि आता वाजतगाजत मांडवाकडे निघायचे होते. शृंगारलेली घोडी तयार होती. रुचिरने अदबीने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केले. नवरदेवाचे वडील महिपती यांनीही तितक्याच अदबीने हात केला, "जावा पाव्हणं, तुमी फुडं व्हा."

रुचिरने बटण दाबले. सहाशे अश्वशक्तीचे इंजिन जागे होताना एकदा गुरगुरते. कंपनीने तो आवाज मोठ्या कष्टाने घडवला होता. घोडीने तो ऐकला, लगाम हिसडला आणि झालर उडवीत ती भातखाचरांतून दिसेनाशी झाली. घोडीवाला सोपान तिच्यामागे धावला. सत्यम एक पाय उचललेल्या स्थितीत तसाच उभा राहिला.

"पाव्हणं," महिपती शांतपणे म्हणाले, "घोडी तुमी घालवली. आता नवरदेव काय पायी जायाचा व्हय?"

"अहो, ही गाडी माझी नाही. कंपनीची आहे."

"मग घोडी तरी कुटं आमची व्हती? ती बी भाड्याचीच."

रुचिरने गाडीचे दार उघडले. सत्यम गाडीत शिरला; पण फेटा शिरेना. फेटा काढला तर अपशकुन, न काढला तर मान मोडणार. तेव्हा सत्यमची आजी अंबूबाई पुढे आल्या. त्या बोलू लागल्या की गावात कोणी मध्ये बोलत नसे.

"टप काढा त्यो. गोधडी आना. पोरगं वर बसंल, म्हंजे लोकांस्नी दिसंल तरी. मी म्होरं बसते."

टप दुमडायचे बटण शोधताना रुचिरच्या हातून आणखीही एक-दोन बटणे दाबली गेली. गोधडीवर नवरदेव चढला. गाडी निघणार तोच अंबूबाईंनी हात वर केला.

"थांबा. पूजा झाल्याबिगर नव्या गाडीत नवरदेव बसत न्हाई."

"मावशी, डाग पडेल हो."

"डाग न्हाई त्यो, टिळा हाय. शिकलेली मानसं तुमी, एवढं बी कळंना?"

लाल गाडीच्या नाकावर हळदीच्या पाच बोटांचा पंजा उमटला, चाकांखाली लिंबे गेली. नारळ गाडीच्या तोंडावर फुटायचा होता. तो रुचिरने हातापाया पडून शेजारच्या दगडावर नेला.

परण्या निघाला. पुढे बँड, मध्ये नाचणारे, मागे गाडी. वेगाचा काटा जागचा हलायला राजी नव्हता. एवढ्यात अंबूबाई दचकल्या.

"ह्यो कोन पाठीत बुक्क्या हानतोय?"

"ते आसनात यंत्र आहे, मावशी. पाठ रगडतं. चुकून सुरू झालंय. बंद करतो."

"हात लावू नगा," अंबूबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने डोळे मिटून त्यांनी भर घातली, "वाईच खाली."

मांडव आला, तेव्हा मुहूर्त टळता टळता राहिला होता. मांडवाच्या दाराशी घोडी उभी होती. पंचक्रोशीतले सगळे मांडव तिच्या ओळखीचे होते आणि मांडवापाशी हरभरे मिळतात, हेही तिला ठाऊक होते. सोपान तिला हरभरे चारीत होता. सत्यम उतरला. परतीचा रस्ता मोकळा दिसत होता, हाती वेळही होता. रुचिरचा पाय शिवशिवला. परंतु अंबूबाई उतरल्या नाहीत.

"आजी, अक्षता पडायच्यात," महिपतींची धाकटी लेक स्नेहल बोलवायला आली.

"हितनं दिसतंय समदं. माज्या अक्षता हितंच आन."

नातवाचे लग्न त्यांनी पाठ रगडून घेत पाहिले. पंगतही त्यांच्यापाशीच आली, आणि नवरदेवाची आजी जेवत असताना रुचिरला उपाशी ठेवणे शक्य नव्हते. चौथी जिलेबी त्याच्या पानात पडली, तेव्हा पाचाला फारसा वेळ उरला नव्हता.

उतरताना अंबूबाईंनी गाडीला मायेने थोपटले. "गाडी ग्वाड हाय. पर सांगा मला, एवढी गुरगुरती, मग घोडी कशी आदी पोचली?"

पाच वाजता मुकुलने हळदीचा पंजा पाहिला आणि तो रुमालाने घासून घासून बघितला. शेवटी त्याने विचारले, "किती वेगाने पळवली?"

"बँडच्या," रुचिर म्हणाला.

टेम्पो आता जन्माला पुजले, अशा समजुतीने त्याने जे घडले ते सारे प्रामाणिकपणे लिहून दिले: बँडच्या चालीने जाताना इंजिन तापत नाही, नवरदेव वर बसला तरी तोल जात नाही, ज्येष्ठ माणसाची पाठ दुपारभर दुखत नाही, आणि घोडी गाडीच्या आधी पोचते. माधवरावांनी लेख दोनदा वाचला.

"बाकीच्या सगळ्या मासिकांनी भरधाव वेगच लिहिलाय," ते म्हणाले. "अरे, ही गाडी घेतो साठीचा गृहस्थ. शनिवारी बायकोला घेऊन लोणावळ्याला निघतो आणि घाटात खोळंबून बसतो. त्याच्या उपयोगाचं लिहिणारा तू एकटा. सदर तुझं. फक्त घोडीचं वाक्य काढू. शेजारच्या पानावर कंपनीची जाहिरात आहे."

अंक अंबूबाईंच्या गावी पोचला. सत्यमने लेख आजीला मोठ्याने वाचून दाखवला. अंबूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"समदं खरं लिवलंय पोरानं," त्या म्हणाल्या. "पर पयला नंबर कुनाचा, त्येवढं लपिवलं."